एलईडी परिपथांचे ऑनलाइन सदृशीकरण

एलईडी परिपथांचे ऑनलाइन सदृशीकरण म्हणजे प्रकाश उत्सर्जक डायोड अर्थात एलईडी, रोधक, विद्युतघट, कळ यांसारख्या घटकांचा परिपथ न्याहाळकात म्हणजे ब्राउझरमध्ये मांडून, प्रत्यक्ष जोडणी करण्यापूर्वी त्याचे वर्तन गणिताच्या साहाय्याने तपासण्याची पद्धत होय. सदृशीकरणासाठी सिम्युलेशन हा शब्दही मराठीत रूढ आहे. या पद्धतीत घटक जळण्याची भीती नसते, मोजमापाची उपकरणे विकत घ्यावी लागत नाहीत आणि एकच परिपथ मूल्ये बदलून अनेकदा तपासता येतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राथमिक शिक्षणात तिचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो. मात्र सदृशीकरणातून मिळणारे उत्तर घटकांच्या गणिती प्रतिमानावर अवलंबून असते. प्रतिमानात जे धरलेले नाही, ते पडद्यावर दिसत नाही.

## पार्श्वभूमी

एलईडी हा अर्धवाहकापासून बनवलेला डायोड असून त्यातून विद्युतधारा एकाच दिशेने सहज वाहते. त्याच्या लांब तारेला धनाग्र व आखूड तारेला ऋणाग्र म्हणतात. गोल एलईडीच्या कडेचा सपाट भाग सहसा ऋणाग्राच्या बाजूला असतो. दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी अमेरिकन शास्त्रज्ञ निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये तयार केला. कार्यक्षम निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रोधकातील विद्युतधारा विभवांतराच्या समप्रमाणात वाढते, हा ओहमचा नियम एलईडीला लागू होत नाही. डायोडमधील विद्युतधारा विभवांतरानुसार घातांकी पद्धतीने वाढते. सामान्य तापमानाला, आदर्शता गुणांक २ धरल्यास, विभवांतर सुमारे ०.१२ व्होल्टने वाढताच विद्युतधारा दहापट होते. प्रत्यक्षात एलईडीच्या अंतर्गत रोधामुळे ही वाढ काहीशी मंदावते. तरीही पुरवठ्याचे विभवांतर थोडे जास्त असले तरी एलईडीतून अतिरिक्त विद्युतधारा वाहून तो तापतो व निकामी होऊ शकतो. म्हणून साध्या परिपथात एलईडीसोबत एकसर जोडणीत रोधक बसवतात.

एलईडी उजळलेला असताना त्याच्या दोन टोकांमधील विभवांतर मुख्यतः अर्धवाहक पदार्थावर, म्हणजेच प्रकाशाच्या रंगावर अवलंबून असते. खालील तक्त्यात साधारण मूल्ये दिली आहेत. विद्युतधारेची गणना करताना लाल एलईडीसाठी २.०, पिवळ्यासाठी २.१ आणि निळ्या व पांढऱ्यासाठी ३.२ व्होल्ट धरले आहेत.

| रंग | साधारण विभवांतर (व्होल्ट) | ५ व्होल्ट पुरवठा व २२० ओहम रोधक असता विद्युतधारा (मिलिअँपिअर) |
|---|---|---|
| लाल | १.८ ते २.२ | १३.६ |
| पिवळा | २.० ते २.२ | १३.२ |
| निळा | ३.० ते ३.४ | ८.२ |
| पांढरा | ३.० ते ३.४ | ८.२ |

## रोधकाचे मूल्य

रोधकाचे मूल्य ठरवताना पुरवठ्याच्या विभवांतरातून एलईडीचे विभवांतर वजा करतात आणि आलेल्या बाकीला अपेक्षित विद्युतधारेने भागतात. उदाहरणार्थ, ९ व्होल्टच्या बॅटरीवर २ व्होल्टचा लाल एलईडी २० मिलिअँपिअर विद्युतधारेवर चालवायचा असल्यास ९ वजा २ म्हणजे ७ व्होल्ट भागिले ०.०२ अँपिअर, असे ३५० ओहम येतात. बाजारात सहज मिळणाऱ्या प्रमाणित मूल्यांमध्ये ३३० आणि ३९० ओहम ही त्याच्या जवळची मूल्ये आहेत. ३३० ओहम घेतल्यास विद्युतधारा २१.२ मिलिअँपिअर, तर ३९० ओहम घेतल्यास १७.९ मिलिअँपिअर होते. पहिले मूल्य अपेक्षित मर्यादा ओलांडत असल्याने दुसरे निवडणे सुरक्षित ठरते. या रोधकात सुमारे ०.१३ वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्च होते, म्हणून पाव वॅटचा रोधक पुरेसा असतो.

ही आकडेमोड कागदावरही करता येते. तिचे उत्तर आधी काढून नंतर सदृशीकरणातील वाचनाशी ताडून पाहिल्यास मांडणीतील किंवा गृहीतकातील चूक लगेच लक्षात येते.

## कार्यपद्धती

वापरकर्त्याने मांडलेल्या चित्रातून सदृशीकरणाची आज्ञावली प्रथम जोडण्यांची यादी तयार करते. कोणत्या घटकाचे कोणते टोक कोणत्या संधिबिंदूला जोडले आहे, याची नोंद त्या यादीत असते. प्रत्येक संधिबिंदूत येणाऱ्या आणि तेथून बाहेर जाणाऱ्या विद्युतधारा समान असतात, या किरचॉफच्या नियमावरून समीकरणे मांडली जातात. परिपथात केवळ रोधक व विद्युतघट असल्यास ही समीकरणे एकाच फेरीत सुटतात.

एलईडीच्या घातांकी वर्तनामुळे समीकरणे अरेषीय होतात. ती सोडवण्यासाठी सामान्यतः न्यूटन-राफसन पद्धत वापरतात. या पद्धतीत एक अंदाज घेऊन तो पुनःपुन्हा सुधारला जातो. समजा, १३ मिलिअँपिअर विद्युतधारेसाठी २ व्होल्ट लागणारा एलईडी ५ व्होल्ट पुरवठ्याला २२० ओहम रोधकातून जोडला आहे. एलईडीवरील विभवांतर २.१२ व्होल्ट असल्याचा अंदाज केला, तर रोधकातून सुमारे १३ मिलिअँपिअर, पण डायोडच्या सूत्रानुसार एलईडीतून सुमारे १३० मिलिअँपिअर वाहायला हवेत. एकसर जोडणीत दोन्ही विद्युतधारा समान असणे आवश्यक असल्याने हा अंदाज चुकीचा ठरतो. फरक नगण्य होईपर्यंत आज्ञावली अंदाज सुधारत राहते.

परिपथात धारित्र असेल तर वेळेचे अतिशय लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर हीच क्रिया पुन्हा केली जाते. परिपथ मोठा असल्यास पडद्यावरील एक सेकंद पूर्ण व्हायला प्रत्यक्षात त्याहून अधिक वेळ लागू शकतो.

## इतिहास

परिपथांच्या संगणकीय सदृशीकरणाचा पाया बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात घातला गेला. तेथे रोनाल्ड रोहरर यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या आज्ञावलीतून पुढे स्पाइस ही आज्ञावली विकसित झाली. लॉरेन्स नेगल व डोनाल्ड पेडरसन यांनी ती १९७३ मध्ये सादर केली. तिची दुसरी आवृत्ती १९७५ मध्ये आली, तर १९८९ मधील तिसरी आवृत्ती सी भाषेत लिहिलेली होती. स्पाइस सर्वांना खुली असल्याने अनेक विद्यापीठांनी व उद्योगांनी तिच्यावर आधारित आज्ञावल्या तयार केल्या. सुरुवातीच्या काळात परिपथाचे वर्णन ओळीओळीने लिहून द्यावे लागे. आकृती काढण्याची सोय पुढील काळात झाली.

पॉल फाल्स्टॅड यांनी तयार केलेले परिपथ सदृशीकरण जावा ॲप्लेटच्या स्वरूपात न्याहाळकात चालत असे. पुढे इयान शार्प यांनी ते जावास्क्रिप्टमध्ये आणले. सर्किट्स.आयओ हे संकेतस्थळ पुढे ऑटोडेस्क कंपनीकडे गेले आणि २०१७ मध्ये त्यातील सुविधा टिंकरकॅडमध्ये विलीन झाल्या. टिंकरकॅड हे मूळचे त्रिमितीय आरेखनाचे साधन असून ते ऑटोडेस्कने २०१३ मध्ये विकत घेतले होते.

## प्रमुख साधने

टिंकरकॅड सर्किट्स: यात ब्रेडबोर्ड, एलईडी, बॅटरी, मल्टिमीटर व आर्डुइनो उनो यांची खऱ्यासारखी दिसणारी चित्रे जोडून परिपथ तयार करता येतो. एलईडीची वाकवलेली तार धनाग्र दर्शवते. विद्युतधारा शिफारस केलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास एलईडीवर इशाऱ्याची खूण दिसते. हे साधन निःशुल्क आहे.

फाल्स्टॅड यांचे सदृशीकरण: यात परिपथ चिन्हांच्या आकृतीने दाखवला जातो. विद्युतधारा सरकत्या पिवळ्या ठिपक्यांनी, तर धन विभव हिरव्या आणि ऋण विभव लाल रंगाने दर्शवतात. विद्युतधारा म्हणजे काय, हे समजण्यासाठी ही मांडणी उपयुक्त ठरते.

वोक्वी: हे साधन मुख्यतः आर्डुइनो, ईएसपी३२ यांसारख्या सूक्ष्मनियंत्रकांच्या आज्ञावली तपासण्यासाठी आहे. त्याचा भर चालू-बंद अशा अंकीय संकेतांवर असल्याने त्यात रोधक न जोडताही एलईडी उजळतो. त्यामुळे आज्ञावली बरोबर आहे का, हे त्यावरून कळते. रोधकाचे मूल्य योग्य आहे का, हे मात्र दुसऱ्या साधनात तपासावे लागते.

ई-सिम: भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील फॉसी प्रकल्पाने विकसित केलेली ही मुक्त आज्ञावली आहे. पूर्वी ती ऑस्कॅड या नावाने ओळखली जात असे. ती कायकॅड व एनजीस्पाइस या मुक्त आज्ञावल्यांच्या आधारे चालते. ती संगणकावर स्थापित करावी लागते, त्यामुळे इंटरनेट नसतानाही वापरता येते.

## नमुना परिपथ

एकसर जोडणी: २ व्होल्टचे तीन लाल एलईडी एकसर जोडून ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवल्यास रोधकासाठी ३ व्होल्ट उरतात. २२० ओहमच्या रोधकातून १३.६ मिलिअँपिअर वाहतात. बॅटरी वापरून तिचे विभवांतर ७ व्होल्टपर्यंत उतरले, की रोधकासाठी केवळ १ व्होल्ट उरतो आणि विद्युतधारा ४.५ मिलिअँपिअर होते. याउलट एकच एलईडी व ३९० ओहम रोधक असलेल्या परिपथात ७ व्होल्टलाही १२.८ मिलिअँपिअर वाहतात. तीन एलईडींचा परिपथ बॅटरीतील ऊर्जा अधिक कार्यक्षमतेने वापरतो, परंतु बॅटरी उतरताच त्याचा प्रकाश झपाट्याने मंद होतो.

समांतर जोडणी: एक लाल आणि एक निळा एलईडी समांतर जोडून दोघांना मिळून एकच रोधक दिल्यास केवळ लाल एलईडी उजळतो. लाल एलईडी विभवांतर सुमारे २ व्होल्टवर रोखून धरतो आणि निळ्याला आवश्यक ३ व्होल्ट मिळत नाहीत. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रोधक दिल्यावर दोन्ही उजळतात.

लुकलुकणारा एलईडी: हान्स कॅमेंझिंड यांनी १९७१ मध्ये रचना केलेल्या ५५५ या कालमापक एकात्मिक परिपथाच्या साहाय्याने एलईडी ठरावीक गतीने चालू-बंद करता येतो. १० किलोओहम व ६८ किलोओहमचे रोधक आणि १० मायक्रोफॅरडचे धारित्र घेतल्यास वारंवारता सुमारे १ हर्ट्झ येते. धारित्रावरील विभवांतराचा आलेख पाहिल्यास ते पुरवठ्याच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश मूल्यांदरम्यान वर-खाली होताना दिसते.

## मर्यादा

प्रतिमानाची निवड: स्पाइसवर आधारित आज्ञावलीत डायोडची मूळ मूल्ये न बदलल्यास तो साध्या सिलिकॉन डायोडसारखा वागतो आणि त्याचे विभवांतर सुमारे ०.७ व्होल्ट येते. एलईडीऐवजी असा डायोड वापरल्यास ५ व्होल्ट व २२० ओहमच्या परिपथात १३.६ ऐवजी सुमारे १९ मिलिअँपिअर विद्युतधारा दिसते. गणिताच्या दृष्टीने हे उत्तर अचूक असते, पण ते एलईडीचे नसते.

आदर्श पुरवठा: अनेक साधनांत विद्युतघटाला अंतर्गत रोध नसतो. प्रत्यक्षात ३ व्होल्टच्या नाण्याच्या आकाराच्या घटावर लाल एलईडी रोधकाशिवायही चालताना आढळतो, कारण घटाचा अंतर्गत रोधच विद्युतधारा मर्यादित करतो. आदर्श घट धरल्यास तोच परिपथ धोकादायक दिसतो. घटाशी एकसर जोडणीत लहान मूल्याचा रोधक ठेवून हा फरक भरून काढता येतो.

घटकांमधील तफावत: सदृशीकरणात एकाच प्रकारचे सर्व एलईडी तंतोतंत सारखे असतात, पण खऱ्या एलईडींच्या विभवांतरात फरक असतो. त्यामुळे एकाच रोधकावर समांतर जोडलेल्या एलईडींमध्ये विद्युतधारा पडद्यावर समान, पण प्रत्यक्षात असमान वाटली जाऊ शकते. तापमान वाढल्यावर एलईडीचे विभवांतर कमी होते, याचाही विचार साध्या साधनांत सहसा नसतो. सैल जोडणी, ब्रेडबोर्डमधील गंजलेले संपर्क यांसारखे दोष तर त्यात येतच नाहीत.

या मर्यादांमुळे एकाच मूल्यसंचावर एलईडी उजळला, एवढ्यावरून परिपथ विश्वासार्ह मानला जात नाही. मूल्ये थोडी बदलूनही परिणाम फारसा बदलत नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. ५ व्होल्टवरील लाल एलईडीसाठी २२० ओहमच्या रोधकात ५ टक्के फरक पडला तरी विद्युतधारा १३.० ते १४.४ मिलिअँपिअर राहते. याउलट पांढरा एलईडी ३.३ व्होल्ट पुरवठ्यावर २२ ओहमच्या रोधकाने चालवल्यास, ढोबळ हिशेबाने, ३.२ व्होल्टच्या एलईडीतून ४.५ आणि ३.० व्होल्टच्या एलईडीतून १३.६ मिलिअँपिअर वाहतात, तर ३.४ व्होल्टचा एलईडी अतिशय मंद राहतो. पडद्यावर दोन्ही परिपथ उजळलेले दिसले तरी पहिलाच भरवशाचा आहे. मूल्ये बदलून अशी तपासणी काही मिनिटांत करता येणे, हा सदृशीकरणाचा महत्त्वाचा फायदा आहे.

## शिक्षणातील उपयोग

प्रयोगशाळा नसलेल्या किंवा साहित्य अपुरे असलेल्या शाळांमध्ये सदृशीकरणामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः परिपथ मांडून पाहता येतो. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे अनेक पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. संगणक व इंटरनेटची गरज ही मात्र या पद्धतीची मोठी अडचण आहे.

सदृशीकरणाने एलईडीच्या तारा ओळखणे, रोधकावरील रंगपट्टे वाचणे, डाख देणे आणि दोष शोधणे ही हातकौशल्ये येत नाहीत. त्यामुळे कागदावरील आकडेमोड, सदृशीकरण आणि प्रत्यक्ष जोडणी हे टप्पे याच क्रमाने घेणे उपयुक्त ठरते. अखेरच्या टप्प्यात मल्टिमीटरने मोजलेली विद्युतधारा पडद्यावरील आकड्यापेक्षा वेगळी आल्यास, त्या फरकाचे कारण शोधताना प्रतिमान आणि वास्तव यांतील अंतर विद्यार्थ्याला समजते.

## हेही पहा

- प्रकाश उत्सर्जक डायोड
- ओहमचा नियम
- किरचॉफचे नियम
- आर्डुइनो
- ब्रेडबोर्ड