धाकटी पाती

'साधी माणसं'मधलं ऐरणीचं गाणं तुम्ही कधीतरी ऐकलंच असेल. आवाज लताबाईंचा, संगीतही त्यांचंच, 'आनंदघन' या नावानं दिलेलं. पडद्यावर जयश्री गडकर. आणि तिच्यासोबतचा तो लोहार कोण?

तो सूर्यकांत. मूळ नाव वामन मांडरे, जन्म १९२५. नाव सांगितलं की जुनी माणसं लगेच म्हणतात, 'चंद्रकांतचा धाकटा भाऊ ना?'

थोरला गोपाळ, म्हणजे चंद्रकांत मांडरे, बारा वर्षांनी मोठा. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेला, चित्रकारही. १९५२च्या 'छत्रपती शिवाजी'त तो महाराज झाला आणि कितीतरी प्रेक्षकांच्या मनातले महाराज त्याच चेहऱ्याचे झाले. कोल्हापूरच्या राजारामपुरीत आज त्याच्या चित्रांचं संग्रहालय आहे.

महाराजांची भूमिका धाकट्यानंही केली होती आणि तीही आधी, १९४३ साली, भालजी पेंढारकरांच्या 'बहिर्जी नाईक'मध्ये. हे फारसं कुणाला आठवत नाही.

पुढे १९५९ला 'सांगत्ये ऐका' आला. त्यात दोघेही भाऊ होते. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला. मग सूर्यकांतच्या वाट्याला 'मोहित्यांची मंजुळा' आला आणि १९६५ला 'साधी माणसं'. म्हणजे काम कमी पडलं नव्हतं. पण ओळख करून देताना थोरल्याचं नाव आधी यायचं.

त्यानं आत्मचरित्र लिहिलं, त्याला नाव दिलं 'धाकटी पाती'. वाटतं, माणसानं हार मानली. पण हा शब्द जरा नीट बघा. मराठ्यांच्या घराण्यांत वाटण्या झाल्या की थोरली पाती आणि धाकटी पाती व्हायची. देवासच्या पवारांचं उदाहरण घ्या. गाव एकच, पण थोरल्या पातीचा राजा वेगळा, धाकट्या पातीचा वेगळा. धाकटा राजा थोरल्याचा नोकर नव्हता. त्याचं स्वतःचं संस्थान होतं.

सूर्यकांतला नेमकं हेच म्हणायचं होतं का, माहीत नाही. पण त्यानं नातं लपवलं नाही, नाकारलंही नाही.

१९९९ला तो गेला, चंद्रकांत २००१ला. आता ते गाणं पुन्हा लावाल तेव्हा त्या लोहाराकडेही बघा. तो कुणाचा भाऊ, हे नंतर आठवलं तरी चालेल.