विमानाचा डेरा : उडणाऱ्या यंत्रांच्या फिरत्या निवाऱ्याची गोष्ट

ऑगस्ट २०२१. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी या गावी वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका तरुणाने आपल्या हातांनी हेलिकॉप्टर घडवले होते. रात्रीच्या चाचणीत, यंत्र अजून जमिनीवरच असताना, पाते तुटले आणि त्याच आघाताने त्याचा मृत्यू झाला. आकाशाचे स्वप्न जमिनीवरच मोडण्याची ही काही पहिली वेळ नव्हती.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंच्या विमानाने चार उड्डाणे केली. चौथे ५९ सेकंदांचे होते. त्यानंतर विमान नुसते उभे असताना वाऱ्याचा झोत आला, त्याने ते उलथवले आणि त्याची मोडतोड झाली. जगप्रसिद्ध ते यंत्र पुन्हा कधीच उडाले नाही.

लाकूड, तारा आणि कापड यांचे ते हलके सांगाडे. उडताना वारा त्यांचा मित्र, उभे असताना वैरी. म्हणून निवारा हवा. पण तो एका जागी पक्का बांधला तर वाऱ्याची दिशा बदलताच यंत्र आतबाहेर करणे कठीण. काउंट झेपेलिन यांनी यावर विलक्षण तोड काढली. त्यांच्या पहिल्या हवाई जहाजाची शेड कॉन्स्टन्स सरोवरावर तरंगत होती. एका टोकाला नांगरलेली असल्याने ती वाऱ्याबरोबर आपोआप वळे. २ जुलै १९०० रोजी ते जहाज याच शेडमधून निघून प्रथम आकाशात गेले.

‘हँगर’ हा शब्दही मुळात विमानाचा नव्हे. फ्रेंचमध्ये तो गाड्या-अवजारे ठेवण्याच्या छपराला वापरत, म्हणजे आपला गाडीखानाच! फ्रान्समधील आंजे येथील बेसोनो यांचा कारखाना दोर आणि कॅनव्हासचा. त्यांच्या नावाचा हँगर म्हणजे लाकडी सांगाडा आणि वर ताणलेले कॅनव्हास. वीस-एक माणसे दोनेक दिवसांत तो उभारत आणि मोडून पुढच्या मुक्कामी नेत. पहिल्या महायुद्धात विमानदळे अशाच कापडी घरांत राहिली.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. डेरे, राहुट्या, कनाती सांभाळणारा फरासखाना हे जुन्या लष्करी व्यवस्थेचे स्वतंत्र खाते होते. पुण्यात ते नाव आजही टिकून आहे. मोगल छावणीत तर सामानाचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. विमानाच्या तंबूमागची कल्पना तीच, फक्त आत हत्ती किंवा पालखीऐवजी यंत्र.

दख्खनने हे यंत्र लवकरच पाहिले. जानेवारी १९११ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) परिसरात घोडदळाच्या कवायती झाल्या. तेथे फ्रेंच वैमानिक आंरी ज्युलरो यांनी ‘ब्रिस्टल बॉक्सकाइट’ उडवले. टेहळणीसाठी सोबत बसले होते कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. घोड्यावरून दिवसभरात जे दिसणार नाही, ते त्यांना आकाशातून दिसले.

हेच ब्रँकर पुढे ब्रिटनच्या नागरी विमान खात्याचे संचालक झाले. तोवर साम्राज्याची दृष्टी कापडी तंबूवरून लोखंडी प्रचंडतेकडे गेली होती. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत हवाई जहाजासाठी सुमारे ८५० फूट लांब आणि १७० फूट उंच शेड बांधण्यात आली. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी आर-१०१ इंग्लंडहून कराचीकडे निघाले. पहाटे फ्रान्समध्ये बोवेजवळ ते कोसळून पेटले. ५४ पैकी ४८ जण दगावले. त्यांत ब्रँकरही होते.

कराचीची शेड वाट पाहत राहिली. तिच्यात एकही हवाई जहाज कधी शिरले नाही, आणि अखेर ती मोडून टाकण्यात आली.