देणगीदार-संपर्क

देणगीदारांच्या नोंदी व त्यांच्याशी जपलेला परिचय यांच्या आधारे निधी उभारण्याची धर्मादाय संस्थांची पद्धती.

महाराष्ट्रात पूर्वी असे निधीसंकलन घरोघरच्या फेरीतून होत असे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा केला; त्यातून तळेगाव येथे १९०८ मध्ये काचकारखाना उभा राहिला (पहा : पैसा फंड). संकलक देणगीदाराला तोंडओळखीने जाणत असे. वही हिशेबापुरती होती.

आज नोंदीत नाव, पॅन, रक्कम, तारीख व हेतू असतो. शेवटची देणगी केव्हा, किती वेळा व किती, यांवरून वर्गवारी होते. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०जी खालील सवलतीसाठी २०२१-२२ पासून नमुना १०बीडी मध्ये देणगीदारनिहाय विवरण देणे बंधनकारक झाले (पहा : सार्वजनिक न्यास). मात्र वर्गवारीत देण्यामागचे कारण उमटत नाही. ते शेऱ्याच्या रकान्यात सापडते : ‘वडिलांच्या तिथीला देतात’, ‘फोन संध्याकाळीच करावा’. हा रकाना बहुधा रिकामा असतो. तेथे निधनाची नोंद करायची राहिली, तर मृताच्या नावे आवाहनपत्रे जात राहतात. कार्यकर्ता बदलल्यावर परिचय टिकतो, तो या शेऱ्यांमुळे.