श्रुति-हार्मोनियमची कुळकथा

भिलाईचा पोलादी कारखाना उभा राहिल्यावर जी मराठी कुटुंबे येथे वस्तीस आली, त्यांच्या भजनांत व गणेशोत्सवांत जी पेटी वाजते, तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधाराशी जुळत नाही, हे तयार कानाला तत्काळ जाणवते. परंतु ह्या विसंवादाची रीतसर चौकशी आपल्याकडे ज्यांनी आरंभिली, ते सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल पेशाने गवई नसून मुलकी खात्यातून निवृत्त झालेले डेप्युटी कलेक्टर होते.

त्या विसंवादाचे गणित असे: षड्ज सेकंदास २४० कंपनांचा धरला, तर ५:४ ह्या प्रमाणाने गांधार ३०० चा व ३:२ ने पंचम ३६० चा होतो, आणि तिघांच्या एकत्रित लहरीची आकृती सेकंदाच्या साठाव्या भागात पूर्ण होऊन जशीच्या तशी पुन्हा उमटते. सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या विलायती पेटीत गांधार सुमारे ३०२.४ वर चढतो. मग ती आकृती तंतोतंत कधीच परतत नाही, आणि षड्जाचा पाचवा उपस्वर व गांधाराचा चौथा उपस्वर एकमेकांस भिडून सेकंदास सुमारे साडेनऊ हेलकावे उठतात. पंचमाची चूक अर्ध्या कंपनाहूनही कमी. येथे सारे दुखणे गांधाराचे.

तारांच्या लांब्या मोजून, अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या सुरेल गवयाचा गळा साक्षीस घेऊन, देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने लंडनच्या मूर यांच्याकडून ह्या श्रुती वाजविणारे श्रुति-हार्मोनियम घडले. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर वाद झडला, कारण पंडित भातखंडे यांना ही श्रुतींची गणिते मान्य नव्हती. १९४० साली तर रेडिओने पेटीवरच बंदीचे फर्मान काढले.

माझ्या मते बावीस श्रुतींची कायमची वाटणी करण्यात देवलांचा आग्रह अतिरेकी होता, कारण गळा रागागणिक स्वर हलवितो. शुद्ध गांधार ५:४ चाच, हा त्यांचा निकाल मात्र निर्विवाद आहे. म्हणून पेटी दुरुस्तीस द्याल, तेव्हा गांधाराचा पितळी सूर मुळाशी खरवडून तंबोऱ्याबरहुकूम उतरवून घ्यावा. अशी पेटी एकाच पट्टीच्या कामाची उरते, पण ज्याची पट्टी ठरलेली आहे त्याचे त्यात काही अडत नाही.