दोल्माबाह्चे राजवाडा

दोल्माबाह्चे राजवाडा : तुर्कस्तानातील इस्तंबूल शहरात, बॉस्फरस सामुद्रधुनीच्या युरोपीय काठावर बेशिक्ताश भागात असलेला उस्मानी (ऑटोमन) सुलतानांचा राजवाडा, सध्या संग्रहालय. पहिला अब्दुलमजीद याने तो १८४३ ते १८५६ या काळात बांधवून घेतला. पाण्याकडचा दर्शनी भाग सुमारे ६०० मी. लांब असून वास्तूत २८५ खोल्या, चाळीसहून अधिक दालने आणि ६ हमामखाने आहेत. उस्मानी सत्तेचा शेवटचा थाट आणि तुर्की प्रजासत्ताकाचा आरंभ या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली पाहायला मिळतात, हे या राजवाड्याचे खरे मोल आहे.

नाव व जागा : तुर्कीत ‘दोल्मा’ म्हणजे भरलेले आणि ‘बाह्चे’ म्हणजे बाग. मराठीतला ‘बगीचा’ आणि हा ‘बाह्चे’ एकाच फार्सी शब्दापासून आले आहेत. येथे पूर्वी बॉस्फरसची लहानशी खाडी होती आणि उस्मानी आरमार तिच्यात नांगर टाकीत असे. सतराव्या शतकापासून ती टप्प्याटप्प्याने बुजवून तेथे शाही बाग करण्यात आली, म्हणून हे नाव. बागेत काळानुसार उभे राहिलेले लाकडी महाल पाडून अब्दुलमजीदने त्या जागी दगडी राजवाडा उभारला.

बांधणी : त्याआधी सुमारे चार शतके सुलतानांचे मुख्य ठाणे तोपकापी राजवाड्यात होते. चौकांभोवती विखुरलेल्या बैठ्या इमारतींचा तो राजवाडा युरोपीय राजदूतांच्या भेटीगाठींना अपुरा वाटू लागला. १८३९ मध्ये ‘तंझिमात’ सुधारणांची घोषणा झाली होती आणि युरोपातील दरबारांच्या बरोबरीने आपलाही दरबार दिसावा, अशी सुलतानाची इच्छा होती. बांधकाम गाराबेत बाल्यान आणि त्याचा मुलगा निगोगोस यांच्याकडे सोपवण्यात आले. बाल्यान हे आर्मेनियन घराणे पिढ्यान्‌पिढ्या सुलतानांचे वास्तुकार होते. अंतर्गत सजावटीत पॅरिसच्या ऑपेराचा नेपथ्यकार शार्ल सेशां याचा हात होता.

खर्च सुमारे ५० लाख सुवर्ण लिरा, म्हणजे जवळपास ३५ टन सोन्याइतका झाला. बांधकाम चालू असतानाच क्रिमियन युद्ध पेटले आणि १८५४ मध्ये उस्मानी राज्याने पहिले परदेशी कर्ज काढले. कर्जांची ही मालिका १८७५ च्या दिवाळखोरीपर्यंत गेली. तिला युद्ध आणि राज्यकारभाराचा खर्चही कारणीभूत होता. तरी तिजोरी आटत असताना झालेल्या उधळपट्टीचे उदाहरण म्हणून या राजवाड्याकडे बोट दाखवले जाते.

रचना : संगमरवरी खांब, कोरीव वेलबुट्टी आणि सोनेरी मुलाम्याची छते यांमुळे बाहेरून व आतून सजावट युरोपीय वाटते, आराखडा मात्र जुन्या तुर्की घराचाच आहे. मध्ये मोठे दालन आणि चार कोपऱ्यांत त्यात उघडणाऱ्या खोल्या, हाच नमुना प्रचंड आकारात पुन्हापुन्हा वापरलेला दिसतो. इमारतीचे तीन भाग आहेत : राज्यकारभाराचा ‘सेलामलिक’, मध्यभागी समारंभांचे ‘मुआयेदे’ दालन आणि राजकुटुंबाचा ‘हरम’.

सेलामलिकमधील स्फटिकाचा जिना घोड्याच्या नालेसारखा दोन बाजूंनी वर चढतो. त्याच्या कठड्याचे दांडे फ्रान्समधील बाकारा कारखान्याच्या स्फटिकाचे आहेत; वरच्या काचेच्या छतातून येणारा उजेड त्यांत शिरतो आणि जड जिना हलका भासू लागतो. सुलतानाचा हमामखाना इजिप्तमधून आणलेल्या, शिरा उमटलेल्या अलाबास्टर दगडाचा आहे.

‘मुआयेदे’ या शब्दातच ईद आहे : सणाच्या दिवशी परस्परांना शुभेच्छा देणे, असा त्याचा अर्थ. ईदच्या दरबारासाठी तोपकापीहून सोन्याचे सिंहासन येथे आणले जाई. ३६ मी. उंच घुमटाखालच्या या दालनात ५६ खांब आहेत. हिवाळ्यात तळघरातील गरम हवा खांबांच्या तळाशी असलेल्या झरोक्यांतून आत सोडत. हरममधील स्त्रिया वरच्या जाळीदार खिडक्यांआडून सोहळा पाहत. घुमटाला टांगलेले साडेचार टनांचे, ७५० दिव्यांचे झुंबर ही राणी व्हिक्टोरियाची भेट आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. पुढे ते पैसे मोजून विकत घेतल्याची पावती सापडली. १९ मार्च १८७७ रोजी पहिल्या उस्मानी संसदेचे उद्‌घाटन याच दालनात झाले.

सत्तांतर : सुलतान दुसरा अब्दुलहमीद याने त्यानंतर थोड्याच काळात आपला मुक्काम यिल्दिझ राजवाड्यात हलवला, १९०९ नंतर दरबार परत येथे आला. १९२२ मध्ये सुलतानपद रद्द झाले आणि उस्मानी घराण्यातील अब्दुलमजीद एफेंदी (दुसरा अब्दुलमजीद) हा केवळ खलीफा म्हणून येथे राहिला. ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या संसदेने खिलाफतही संपवली. त्याच रात्री त्याला कुटुंबासह राजवाड्यातून बाहेर काढून मोटारीने चाताल्जा स्थानकावर नेण्यात आले आणि तेथून आगगाडीने देशाबाहेर पाठवण्यात आले. राजवाड्याची मालकी राष्ट्राकडे आली.

या घटनेचे पडसाद भारतात उमटले, कारण खिलाफत वाचवण्यासाठी झालेल्या चळवळीची केंद्रीय समिती मुंबईत होती. निर्वासित खलीफाला पुढे हैदराबादच्या निजामाने तनखा दिला. १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे खलीफाची मुलगी दुर्रुशेहवार हिचा विवाह निजामपुत्र आझम जाह याच्याशी झाला. राजवाडा सोडताना ती दहा वर्षांची होती. ज्या संस्थानात ती सून म्हणून आली, त्यात तेव्हा मराठवाडा होता.

संग्रहालय व भेट : कबाताश हे ट्रामचे शेवटचे स्थानक, तेथून राजवाडा चालत काही मिनिटांवर आहे. वाटेत पहिल्या अब्दुलमजीदची आई बेझ्मिआलेम हिच्या नावाची मशीद आणि पुढे १८९५ मध्ये पूर्ण झालेला २७ मी. उंचीचा घड्याळ-मनोरा लागतो. सोमवारी संग्रहालय बंद असते. जमिनी व गालिचे जपण्यासाठी बुटांवर प्लास्टिकची आवरणे चढवावी लागतात. आत छायाचित्रे काढता येत नाहीत. सेलामलिकनंतर दमून परत फिरणारे बरेच असतात. पण हरम पाहिल्याशिवाय ही भेट पुरी होत नाही. त्याशिवाय युवराजाच्या महालातील चित्रसंग्रहालय आणि घड्याळांचे संग्रहालयही पाहण्यासारखे आहे.

हरममध्ये ७१ क्रमांकाची खोली आहे. प्रजासत्ताकाचा संस्थापक मुस्तफा केमाल अतातुर्क १९२७ पासून इस्तंबूलमधील मुक्कामात या राजवाड्यात उतरत असे. १९३२ मध्ये पहिली तुर्की भाषा परिषद त्याने येथेच भरवली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी याच खोलीत त्याचा मृत्यू झाला. खोलीत लाकडी पलंग आहे, त्यावर तुर्की ध्वज अंथरलेला आहे आणि शेजारच्या घड्याळाचे काटे ९:०५ वर थांबवलेले आहेत. दर १० नोव्हेंबरला त्या क्षणी देशभर भोंगे वाजतात आणि रस्त्यावरची माणसे जागच्या जागी उभी राहतात. झुंबराच्या दालनात लोक माना वर करून पाहतात. या खोलीच्या दारात त्यांचे आवाज आपोआप खाली येतात.