गोंदियाला मुस्तमली हवा

विद्यापीठाची सूचना निघते. अमुक तारखेला एका अभ्यासकाचे व्याख्यान, तमुक तारखेपर्यंत शिष्यवृत्तीचे अर्ज, पुढच्या आठवड्यात युवक महोत्सवाची निवड फेरी. सूचना सर्वांसाठी असते. पण देवरी किंवा सालेकसा येथे शिकणाऱ्या मुलीच्या कानावर ती जाते, तेव्हा अनेकदा तारीख उलटून गेलेली असते. कार्यक्रमाला कुणी बंदी घातलेली नसते, दारही उघडेच असते. फक्त दार उघडे आहे हे तिला कुणी सांगितलेले नसते. गोंदिया जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासाकडे मी याच अंगाने पाहतो.

हा इतिहास म्हणजे अंतर कमी होत गेल्याची गोष्ट आहे. नागपूरचे मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये सुरू झाले, तेव्हा पदवी कलकत्ता विद्यापीठाची मिळे. पुढे ती अलाहाबादची झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि मध्य प्रांताला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था उभी केली आणि भातगिरण्या व बिडी कारखान्यांच्या या भागात महाविद्यालये आली. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ निघाले. गोंदिया मात्र नागपूर विद्यापीठाशीच जोडलेला राहिला. पदवी आता घराजवळ मिळते, पण व्याख्यान, चर्चासत्र आणि मोठ्या ग्रंथालयातली ऊठबस अजूनही प्रामुख्याने नागपुरातच आहे.

या ऊठबशीने काय घडते, याचे एक उदाहरण आपल्यासमोर आहे. १९२२ मध्ये रायपूरच्या सरकारी हायस्कुलातून मॅट्रिक झालेला मोहम्मद हिदायतुल्लाह नावाचा मुलगा मॉरिस कॉलेजात आला. रायपूरहून नागपूरला येणारी रेल्वे गोंदियावरूनच जाते. १९२६ मध्ये तो पदवीधर झाला, तेव्हा नागपूर विद्यापीठ अवघे तीन वर्षांचे होते. पुढे केंब्रिज, बॅरिस्टरी आणि नागपुरात वकिली. १९३५ ते १९४३ या काळात त्यांनी नागपूरच्याच विधी महाविद्यालयात शिकवले आणि नंतर विधी शाखेचे अधिष्ठाताही झाले. १९६८ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले, १९७९ मध्ये उपराष्ट्रपती. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. पण ज्या घरात ते वाढले, तिथे शिक्षण आणि उर्दू काव्य दोन्ही होते. वडील हाफिज विलायतुल्लाह स्वतः शायर होते. कोणत्या संधीसाठी कुठे जायचे, हे सांगणारे माणूस त्यांच्या घरातच होते. बिडी वळणाऱ्या आईच्या मुलीला ते कोण सांगणार?

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे. हिजरी तिसऱ्या शतकात बगदादच्या मशिदींत हदीसचे उस्ताद ‘इमला’ची मजलिस भरवत. उस्ताद सांगत आणि ऐकणारे लिहून घेत. गर्दी इतकी होई की उस्तादांचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नसे. मग मध्ये मध्ये ‘मुस्तमली’ उभे राहत. उस्तादांचे शब्द जसेच्या तसे उंच आवाजात पुढे देणे, एवढेच त्यांचे काम. अबू मुस्लिम अल-कज्जी यांच्या बगदादमधील मजलिशीत असे सात मुस्तमली होते, अशी नोंद आहे. मागे बसलेल्याचा ज्ञानावर पुढच्याइतकाच हक्क आहे, हे त्या व्यवस्थेने गृहीत धरले होते. आवाज पोहोचत नसेल तर तो दोष ऐकणाऱ्याचा मानला नाही, मध्ये माणूस उभा केला.

आधुनिक विद्यापीठांनाही हे सुचले होते. १८७३ मध्ये केंब्रिजने आपले व्याख्याते इंग्लंडच्या कारखानदारी शहरांत पाठवायला सुरुवात केली. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाने पहिले कुलगुरू मु. रा. जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला बहिःशाल विभागातर्फे गावोगावच्या महाविद्यालयांत नेली. राज्यपाल मोहम्मद फजल यांच्या काळात, २००३ मध्ये ‘इंद्रधनुष्य’ हा आंतरविद्यापीठ युवक महोत्सव सुरू झाला. पुढे संशोधनासाठी ‘आविष्कार’ आला. या दोन्हींत महाविद्यालयातून विद्यापीठात आणि विद्यापीठातून राज्यपातळीवर जाता येते. म्हणजे शिडी आहे. तिची पहिली पायरी गोंदियातही आहे.

आणि गोंदियाकडे सांगण्यासारखे काही नाही, असेही नाही. संस्कृत नाटककार भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, हे नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्यावरची व्याख्याने आमगावातच व्हायला हवीत, आणि ती ऐकायला आपली मुलेही जायला हवीत. या मातीचा वारसा त्यांचाही आहे.

विद्यापीठाने आपले वक्ते जिल्ह्यात पाठवावेत, ही मागणी रास्त आहे आणि ती करत राहिले पाहिजे. पण मुस्तमली होण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटे, मशिदीच्या फलकावर एक कागद, प्रत्येक महाविद्यालयात अर्जाची तारीख लक्षात ठेवणारा एक शिक्षक. गोंदिया ते नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. संध्याकाळचे व्याख्यान ऐकून एकटी मुलगी रात्री परत कशी येणार, ही घरच्यांची काळजी खरी आहे. पण पाच मुली आणि सोबत एक शिक्षिका असेल, तर तीच काळजी निम्म्यावर येते. हे काम जमातीच्या कमिट्या सहज करू शकतात. लग्नाच्या वरातीसाठी आपण बस ठरवतोच. वर्षातून दोनदा ती व्याख्यानासाठीही ठरवता येईल.