न लाजवता दिलेलं उत्तर

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावात, आपल्या मुलाला पुरुषांची ओढ वाटते हे घरच्यांना कळलं, तर पहिला उपाय ठरलेला असतो: लगन करून द्या, आपोआप सुधरते. ते जमलं नाही तर देवऋषी, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. समलिंगी किंवा उभयलिंगी पुरुषाला बरं करायला न जाता, तो आहे तसा मानून त्याच्या मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करणं, याला आज अफर्मेटिव्ह थेरपी म्हणतात. ही पद्धत अमेरिकेतून आली असं सांगितलं जातं. तिच्यामागच्या वृत्तीचं एक मूळ मात्र मराठीत आहे, आणि ते अमेरिकेतल्या नावापेक्षा जुनं आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. वाचक त्यांना घरात कुणापुढे काढता येणार नाहीत असे प्रश्न पाठवत. हस्तमैथुनाबद्दल विचारत, समलिंगी संबंधांबद्दलही विचारत. कर्वे विचारणाऱ्याला पापी ठरवत नसत, माहिती देत. याच उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. लैंगिक प्रश्नांवर लिहिलेलं सगळंच अश्लील कसं ठरेल, असं विचारत त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार घेतला. ते खटला हरले आणि कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. कर्वे समुपदेशक नव्हते, पण विचारणाऱ्याला लाज न वाटू देता उत्तर द्यायचं ही अफर्मेटिव्ह थेरपीची पहिली अट त्यांनी मराठीत पाळून दाखवली होती. तेव्हा डॉक्टरांचं शास्त्र समलैंगिकतेला आजारच मानत होतं.

शास्त्राचं मत पालटायला पुढे चार दशकं लागली. मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी 30 समलिंगी आणि 30 भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या, कोण कोणता हे न सांगता, तज्ज्ञांपुढे ठेवल्या. तज्ज्ञांना फरक ओळखता आला नाही. हा अभ्यास 1957 मध्ये छापून आला. 1972 मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या डॅलसमधल्या परिषदेत जॉन फ्रायर हे डॉक्टर मुखवटा घालून, नाव लपवून बोलले, कारण आपण समलिंगी आहोत हे कळलं तर नोकरी जाण्याची भीती होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 1982 मध्ये मानसशास्त्रज्ञ ॲलन मॅलियन यांनी अफर्मेटिव्ह थेरपीची मांडणी केली. त्याच दशकात आपल्याकडे मात्र विजेचे झटके देऊन ओढ 'मोडण्याचे' प्रयोग वैद्यकीय नियतकालिकांत छापले जात होते. वाचताना आजही अंगावर काटा येतो.

मॅलियन यांचं म्हणणं असं की लहानपणापासून ऐकलेली हेटाळणी मुलगा गिळतो आणि मोठेपणी तीच स्वतःबद्दल बोलू लागतो. त्यामुळे समुपदेशक 'हे कशामुळे झालं' याच्या मागे लागत नाही. झोप का उडाली, मरणाचे विचार कधी येतात, कुणासमोर सतत सावध राहावं लागतं, हे तो विचारतो. लपवण्याचा थकवा आणि ओढ या दोन गोष्टी तो वेगळ्या करून दाखवतो. घरी सांगायचंच असा आग्रह धरत नाही. शेतीवर आणि घरावर जगणं अवलंबून असेल तर न सांगणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. उभयलिंगी पुरुषाची कोंडी निराळी असते. 'बाई आवडते ना, मग कर की लग्न,' असं घरचे म्हणतात, आणि समलिंगी मित्रही त्याच्यावर पुरता विश्वास ठेवत नाहीत. त्याचं दुखणं स्वतंत्रपणे ऐकावं लागतं.

महाराष्ट्रात हे काम आधी डॉक्टरांनी नव्हे, ज्यांना सोसावं लागलं त्यांनी उभं केलं. अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं, 1994 मध्ये मुंबईत हमसफर ट्रस्ट सुरू झाला. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि मराठीत पुस्तकं लिहिली. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने 2019 पासून समुपदेशकांसाठी या थेरपीचा अभ्यासक्रम सुरू केला. तो शिकवणारेही याच समाजातले आहेत.

कायदाही आता बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई केली. 'बदलून दाखवतो' म्हणणारी थेरपी हे डॉक्टरांचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये सांगितलं.

यवतमाळ जिल्ह्यात मनाच्या दुखण्याबद्दल बोलण्याची वाट शेतकरी आत्महत्यांमुळे आधीच पडली आहे. त्या रोखण्यासाठीच्या 2015 च्या प्रेरणा प्रकल्पात हा जिल्हा होता आणि आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, घरोघरी जाऊन उदासीची विचारपूस करू लागल्या. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. घाटंजीतून फोन लावणाऱ्या मुलाने 'मला मुलगे आवडतात' म्हटल्यावर पलीकडून लग्नाचा सल्ला येऊ नये, यासाठी तिथे बसलेल्यांना आणि आशाताईंनाही अफर्मेटिव्ह थेरपीचं प्रशिक्षण मिळायला हवं. अभ्यासक्रम तयार आहे, शिकवणारेही आहेत.